अंडी किती मोठी, किती मजबूत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंड्यांबद्दल लोक मला सारखं काही ना काही विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. प्रत्येक उत्तर वाचताना एक गोष्ट मात्र डोक्यात असू द्या: अंड्याला बाहेरच्यांसाठी मजबूत राहायचं असतं आणि आतल्यासाठी फुटायचंही असतं. ही दोन्ही कामं एकाच कवचाला जमवायची असतात आणि खरी गंमत तिथेच आहे.

आज जिवंत असलेल्यांपैकी सगळ्यात मोठं अंडं कुणाचं?

पक्ष्यांमध्ये शहामृगाचं, यात वाद नाही. साधारण 15 सेंटीमीटर लांब, 13 सेंटीमीटर रुंद, वजन 1.4 किलोच्या आसपास, म्हणजे कोंबडीची जवळपास दोन डझन अंडी एकात मावतील. कवच 2 मिलिमीटर जाड असतं. ऐकायला कमी वाटतं पण कोंबडीच्या अंड्याचं कवच 0.3 ते 0.4 मिलिमीटर असतं हे लक्षात घ्या, म्हणजे पाच-सहा पट झालं.

व्हेल शार्कचं नाव पण लोक घेतात. 1953 साली मेक्सिकोच्या आखातात एका ट्रॉलरच्या जाळ्यात साधारण 30 सेंटीमीटर लांबीचं अंडं सापडलं होतं आणि त्यात व्हेल शार्कचं पिल्लू होतं, त्यामुळे बरीच वर्षं सगळे समजत होते की हा मासा अंडी घालतो. मग 1995 मध्ये तैवानजवळ एक गाभण मादी मिळाली, तिच्या पोटात 300 च्या आसपास पिल्लं होती, आणि कळलं की अंडी पोटातच फुटतात आणि पिल्लं जिवंत बाहेर येतात. त्यामुळे "घातलेलं अंडं" म्हणायचं तर मान शहामृगाचाच.

आणि आजवरचं सगळ्यात मोठं?

मादागास्कर बेटावर हत्तीपक्षी नावाचा, उडता न येणारा अवाढव्य पक्षी होता, साधारण 1000 वर्षांपूर्वी नामशेष झाला. त्याचं अंडं 30 सेंटीमीटरच्या वर लांब आणि आत 8-9 लिटर माल. कोंबडीची दीडशे अंडी! काही अंडी आख्खी सापडली आहेत, म्युझियममध्ये ठेवलेली असतात, कधी बघायला मिळालं तर शेजारी कोंबडीचं अंडं आहे अशी कल्पना करून बघा, मग मोठेपणा खरा कळतो.

डायनासोर एवढे प्रचंड, मग त्यांची अंडी खोलीएवढी का नव्हती?

हा माझा आवडता प्रश्न. टायटनोसॉर म्हणजे लांब मानेचे, कित्येक टन वजनाचे प्राणी, आणि त्यांची अंडी? साधारण 15 सेंटीमीटर, शहामृगाच्या तोडीची. अर्जेंटिनात आणि आपल्या नर्मदा खोऱ्यात अशी घरटीच्या घरटी सापडली आहेत. काही डायनासोरांची लांबट अंडी 60 सेंटीमीटरपर्यंत जायची, पण त्याच्या पुढे नाही.

कारण साधं आहे. अंडं मोठं झालं की आतल्या मालाचं वजन भराभर वाढतं, लांबी दुप्पट केली तर वजन आठपट होतं, मग ते पेलायला कवच जाड लागतं. आता कवच जाड झालं की दोन अडचणी. एक, आतल्या पिल्लाला श्वास घ्यायचा असतो तो कवचाच्या बारीक छिद्रांमधून, आणि भिंत जाड झाली की हवा आत यायला त्रास. दुसरी, शेवटी ते फोडायचं कुणी? आत बसलेल्या त्या ओल्या, दमलेल्या जिवानेच. त्यामुळे आई कितीही मोठी असो, अंड्याला एक मर्यादा येतेच.

सगळ्यात छोटं पक्ष्याचं अंडं?

हमिंगबर्डचं. जमैकातल्या व्हर्व्हेन हमिंगबर्डचं अंडं 10 मिलिमीटरपेक्षाही कमी लांब असतं, वजन 0.37 ग्रॅमच्या आसपास. वाटाण्याएवढं म्हणा.

शरीराच्या मानाने कुणाचं अंडं मोठं?

इथे सगळा हिशोब उलटा होतो. शहामृगाचं अंडं मादीच्या वजनाच्या जेमतेम दीड टक्का असतं, म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं अंडं घालणारी आई खरं तर स्वतःच्या मानाने अगदी छोटं अंडं घालते. कोंबडीचं तीन टक्क्यांच्या आसपास. आणि न्यूझीलंडची किवी? कोंबडीएवढा पक्षी, पण अंडं मादीच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के! किवीच्या मादीचा अंड्यासकटचा एक्स-रे इंटरनेटवर आहे, नक्की बघा, पोटात अंड्याशिवाय दुसऱ्या कशालाच जागा उरलेली दिसत नाही. त्या अंड्यात बलक पण खूप, जवळपास दोन तृतीयांश (कोंबडीच्या अंड्यात बलक तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो), म्हणून पिल्लू बाहेर येतं ते जवळजवळ तयार होऊनच, पहिले काही दिवस पोटातल्या बलकावरच काढतं. ते उबवायला 70 ते 90 दिवस लागतात, आणि किवीच्या बऱ्याच जातींत ते काम नर करतो.

कोंबडीचं अंडं मुठीत दाबलं तर फुटत नाही, हे खरं आहे का?

खरं आहे, पण बोटात अंगठी नसावी आणि अंड्याला आधीची चीर नसावी. मुठीत दाब सगळीकडून सारखा पडतो आणि अंड्याचा आकार घुमटासारखा असल्यामुळे तो दाब एका जागी न साठता कवचभर पसरतो. दोन टोकांवर दाबलं तर अजून चांगलं टिकतं, कारण टोकाकडे वळण जास्त असतं. मशीनमध्ये ठेवून हळूहळू दाबलं तर कोंबडीचं चांगलं अंडं साधारण 3 ते 5 किलोचा भार घेतं. तेही कागदाइतक्या पातळ खडूच्या भिंतीवर!

आणि तेच अंडं भांड्याच्या काठावर हलकंसं आपटलं की फुटतं, कारण तिथे सगळा जोर एका रेषेवर येतो. हा विरोधाभास नाही, कोंबडीच्या पिल्लाला नेमकं हेच हवं असतं: वर बसलेल्या आईचा पसरलेला भार सहन व्हावा, पण चोचीच्या टोकाने एका जागी ठोकलं की भेग पडावी.

कवच नक्की कशाचं बनलेलं असतं?

पक्ष्यांच्या अंड्यांचं कवच जवळपास 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू किंवा संगमरवर ज्याचा असतो तोच पदार्थ. पण नुसता खडू कसा ठिसूळ असतो ते माहितीये, चिमटीत मोडतो. कवचात खडूच्या स्फटिकांमध्ये प्रथिनं मिसळलेली असतात आणि तीच त्याला चिवटपणा देतात. 2018 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रथिन (हे आपल्या हाडातही असतं) कवचाची अतिसूक्ष्म रचना ठरवतं, बाहेरच्या बाजूला रचना जास्त बारीक आणि म्हणून जास्त कडक, आतल्या बाजूला जरा ढोबळ आणि म्हणून सहज विरघळणारी.

आता आतून विरघळायची गरज काय? कारण पिल्लाची हाडं त्यातूनच बनतात. वाढणारं पिल्लू कवचातलं कॅल्शियम शोषत राहतं, त्याला लागणाऱ्या कॅल्शियमपैकी बहुतांश तिथूनच येतं, आणि त्यामुळे कवच आतून झिजत जातं. म्हणजे एकाच वेळी पिल्लू मजबूत होतंय आणि भिंत कमजोर होतेय, आणि दोघांची वेळ जुळते तेव्हा ते बाहेर येतं. मला तर हे वाचून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता.

घरी बघायचं असेल तर कच्चं अंडं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवा. लगेच बारीक बुडबुडे धरतात, तो कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने पाण्याखाली धरून चोळलं की उरलेला पांढरा थर निघून जातो आणि हातात राहतं ते फक्त पातळ पडद्यात बांधलेलं अंडं, थुलथुलीत, उजेडासमोर धरलं की आतला पिवळा गोळा हलताना दिसतो. आकाराने ते आधीपेक्षा मोठं झालेलं असतं कारण पडद्यातून पाणी आत शिरतं. चार-पाच सेंटीमीटरवरून ताटलीत टाकलं तर हळूच उसळतं सुद्धा (जास्त वरून टाकू नका, फुटतं). हा पडदा किती चिवट आहे ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

एकाच कोंबडीची अंडी कधी जाड तर कधी पातळ कवचाची का निघतात?

बरीच कारणं आहेत. एक अंडं तयार व्हायला 24-26 तास लागतात, त्यातले 20 तास फक्त कवचाचे, आणि एका कवचात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. कवचाचं काम बरंचसं रात्री चालतं जेव्हा कोंबडी काही खात नाही, मग ती स्वतःच्या हाडांमधला साठा वापरते, त्यासाठी अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या हाडात खास तात्पुरतं हाड तयार होतं. म्हणून संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्यांचा जाडसर चुरा दिला तर फरक पडतो, तो पोटात रात्रभर हळूहळू विरघळतो.

वय झालं की अंडी मोठी होतात पण कॅल्शियम तेवढंच, मग तेच जास्त जागेवर पसरतं आणि कवच पातळ होतं. आणि कडक ऊन असलं की कोंबडी धापा टाकते, त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यामुळे पातळ कवच दिसलं की नुसतं कॅल्शियम वाढवत बसू नका, आधी सावली, गार पाणी आणि हवा बघा.

तपकिरी अंडं पांढऱ्यापेक्षा मजबूत असतं ना?

नाही. रंग कोंबडीच्या जातीवर असतो. मजबुती जाडी, वय, खाणं आणि हवामान यावर.

मग सगळ्यात मजबूत अंडं कुणाचं?

एकूण ताकदीत शहामृग. शंभर किलोचा पक्षी वर बसतो म्हटल्यावर दुसरा पर्यायच नाही. ते फोडायला प्राण्यांना युक्त्या कराव्या लागतात. आफ्रिकेत पांढरी गिधाडं चोचीत दगड धरून शहामृगाच्या अंड्यावर मारत राहतात, प्राण्यांच्या अभ्यासक जेन गुडाल आणि वन्यजीव छायाचित्रकार ह्यूगो व्हान लाविक यांनी 1966 साली हे जगासमोर आणलं. माणसाने तर फोडण्यापेक्षा ते जपून वापरलं, कलाहारीतले सान लोक त्याला भोक पाडून पाण्याची भांडी म्हणून वापरत आले आहेत, आणि दक्षिण आफ्रिकेत साधारण 60,000 वर्षांपूर्वीचे कोरीव रेघा असलेले कवचाचे तुकडे सापडलेत.

पण आकाराच्या मानाने बघाल तर गिनी फाऊल या कोंबडीसारख्या पक्ष्याचं अंडं. कोंबडीपेक्षा छोटं आणि तरी फोडताना हाताला फरक जाणवतो. आणि दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळ कुळातल्या पक्ष्यांचं, युरोपातल्या कुकूची मादी काही सेकंदांत अंडं टाकून पळते, आणि तिच्या अंड्याचं कवच यजमान पक्ष्यांच्या अंड्यांपेक्षा जाड असतं. घाईत पडलं तरी टिकावं आणि घरमालकाने चोच मारली तरी सहजी फुटू नये, असं त्याचं कारण सांगतात.

सापाची आणि कासवाची अंडी पण कडक असतात का?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो कारण सरपटणाऱ्या प्राण्यांत दोन्ही प्रकार आहेत. सापाची अंडी चामड्यासारखी मऊ, बोटाने दाबलं की खड्डा पडतो, आणि ती जमिनीतलं पाणी शोषून फुगतात, घातली तेव्हापेक्षा नंतर जड होतात. समुद्री कासवांची पिंगपाँगच्या चेंडूसारखी गोल आणि लवचीक, मादी वाळूत खड्डा करून एका वेळी शंभरच्या आसपास अंडी सोडते, ती एकमेकांवर पडतात तरी फुटत नाहीत. कडक असती तर खालची सगळी गेली असती. जमिनीवरच्या बऱ्याच कासवांची आणि मगरींची मात्र कडक.

सगळ्यात सोपं उदाहरण घरातच सापडतं. फोटो फ्रेमच्या मागे किंवा जुन्या कपाटाच्या खणात पालीची दोन अंडी बघितली असतील, पांढरीशुभ्र, सेंटीमीटरभर, गोल. ती अगदी कडक असतात, घातली तेव्हा मऊ असतात पण थोड्या वेळात वाळून कडक होतात. आणि बागेतला सरडा मातीत पुरतो ती चामड्यासारखी. दोघे नातेवाईक, पण पालीला कोरड्या भिंतीवर ठेवायचं आहे म्हणून पाणी आत कोंडून ठेवणारं कवच, सरड्याला ओल्या मातीत ठेवायचं आहे म्हणून पाणी पिणारं कवच.

अंटार्क्टिकात 2011 साली सापडलेलं एक जीवाश्म अंडं तर 29 सेंटीमीटर लांब आणि तरीही मऊ कवचाचं निघालं, 2020 मध्ये त्यावर पेपर आला, साधारण 6.8 कोटी वर्षं जुनं, बहुधा मोसासॉरसारख्या मोठ्या समुद्री सरीसृपाचं.

सस्तन प्राणी अंडी घालतात का?

फक्त बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपस आणि अंगावर काटे असलेला एकिडना. प्लॅटिपसचं अंडं 17 मिलिमीटरच्या आसपास, मऊ, चामड्यासारखं.

मासे, बेडूक, कीटक यांचं काय?

बेडकाच्या अंड्याला कवचच नसतं, नुसती जेली, म्हणून पाणी किंवा ओल लागतेच. माशांमध्ये संख्या हीच ताकद, सनफिश नावाच्या माशाच्या एका मादीत 30 कोटी अंडी मोजली गेली आहेत, प्रत्येक मिलिमीटरभराचं. काही शार्क उलट, मोजकीच अंडी पण चिवट पाकिटात घालतात, पोर्ट जॅक्सन शार्कचं पाकीट चक्क स्क्रूसारखं पिळाचं असतं आणि खडकाच्या फटीत अडकून बसतं.

कीटकांची अंडी टिकाऊपणात सगळ्यांवर मात करतात. जपानमध्ये काडीकिड्यांची अंडी पक्ष्याला खायला घातली तर त्यातली काही विष्ठेतून धडधाकट बाहेर आली. आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहतात आणि पाणी आलं की फुटतात, म्हणून टाकी किंवा बादली नुसती रिकामी करून उपयोग नाही, आतून घासायलाच हवी, हे कृपया लक्षात ठेवा.

डीडीटी या कीटकनाशकामुळे अंडी फुटायची म्हणतात ते काय प्रकरण आहे?

याबद्दल वाचलं की अजूनही वाईट वाटतं. ब्रिटनमध्ये बहिरी ससाणे कमी होत होते आणि घरट्यात फुटलेली अंडी दिसत होती. पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहातली कवचं आणि नवी कवचं वजन करून ताडून पाहिली, 1967 साली छापलं, की 1940 च्या दशकाच्या शेवटापासून, म्हणजे डीडीटी सगळीकडे वापरात आलं तेव्हापासून, कवचं एकदम पातळ झाली आहेत. डीडीटी शरीरात गेल्यावर त्याचं डीडीई होतं आणि ते कवचग्रंथीत कॅल्शियमचा पुरवठा अडवतं. पिकावरून किड्यात, किड्यातून छोट्या पक्ष्यात आणि मग शिकारी पक्ष्यात ते साठत जातं, त्यामुळे सगळ्यात जास्त फटका ससाणे, गरुड, पेलिकन यांना. आई उबवायला बसायची आणि तिच्याच वजनाने अंडी फुटायची. कोंबड्यांवर याचा परिणाम फार कमी होतो, म्हणून नुसत्या कोंबड्या बघून कुणाला कळलंही नसतं. अमेरिकेने 1972 मध्ये शेतीतला वापर बंद केला आणि हळूहळू ससाणे परत वाढले. कवच जरासं पातळ झालं तर आख्खी जात संपू शकते, इतकं हे गणित नाजूक आहे.

एवढं कडक कवच पिल्लू फोडतं कसं?

कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीवर एक छोटा टोकदार कण असतो, त्याला अंडदात म्हणतात, काही दिवसांनी गळून पडतो. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू आधी आतल्या हवेच्या कप्प्यात चोच घालतं, पहिला श्वास घेतं, मग कवचाला पहिलं भोक पाडतं. त्यानंतर बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग ते गोल फिरत फिरत ठोकत जातं आणि टोपी उघडावी तसं रुंद टोक वेगळं होतं. सापाच्या पिल्लाचा अंडदात खरोखरचा दात असतो आणि त्याने ते मऊ कवच ब्लेडसारखं चिरतं. मगरीची आई पिल्लांचा आवाज ऐकून घरटं उकरते आणि न फुटलेली अंडी जबड्यात धरून हलकेच फोडते. ऑस्ट्रेलियातल्या मॅलीफाऊल पक्ष्याची मादी माती-पाचोळ्याच्या ढिगाऱ्यात अंडी पुरते, वर कुणी बसत नाही म्हणून तिच्या अंड्याचं कवच पातळ, आणि पिल्लू लाथा मारून बाहेर येतं.

पिल्लू अडकलंय असं वाटलं तर आपण कवच सोलून मदत करावी का?

घाई करू नका. मी केली होती. इन्क्युबेटरमध्ये एका अंड्याला सकाळी भोक पडलेलं, दुपारपर्यंत काहीच हालचाल नाही, आतून बारीक चिवचिव येत होती, मला राहवेना म्हणून नखाने कडेकडेने कवच काढायला लागले. तिसऱ्या तुकड्याबरोबर आतल्या पडद्यावर लाल रेघ उमटली आणि ती पसरत गेली. पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून चालू होत्या आणि बलक पोटात ओढून घ्यायचा बाकी होता. पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. ती जी शांतता होती ती अडकल्याची नव्हती, ते आत विश्रांती घेत रक्त आणि बलक आवरून घेत होतं. पहिल्या भोकापासून बाहेर येईपर्यंत 12 ते 24 तास सहज जातात. तोवर झाकण उघडू नका, आतली ओल टिकवा, पडदा वाळला तर मात्र पिल्लू खरंच चिकटून बसतं.

जमिनीत किंवा घरात अंडी सापडली, हलवली तर चालेल?

पक्ष्याची अंडी आई स्वतःच दिवसातून कितीतरी वेळा फिरवते. सरपटणाऱ्यांचं उलट आहे, आतला जीव कवचाच्या आतल्या बाजूला वरच्या अंगाला चिकटलेला असतो आणि अंडं उलटं झालं तर तो बऱ्याचदा दगावतो. त्यामुळे कासवाची, सरड्याची, पालीची अंडी दिसली तर जागेवरच राहू द्या. अगदीच हलवायची वेळ आली तर आधी वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहील अशीच उचला आणि ठेवा. पालीची चिकटलेली अंडी तर खरवडायला जाऊच नका, कवच फुटतंच, फ्रेम महिना-दोन महिने तशीच राहू द्या.